इंटरनेटच्या सभेत मत कुणाचं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा त्या पावसाळ्यात चांगलीच तापली. तोवर वर्गणी भरणारी माणसंच मंडळाची सभासद होती. आता आजूबाजूच्या आठ संस्थांना, म्हणजे गणेशोत्सव मंडळं, एक भजनी मंडळ, एक महिला मंडळ यांना, ‘संस्था सभासद’ करून घ्यायचं होतं. घटनादुरुस्तीचा मसुदा वाचून झाला आणि पहिल्या रांगेतल्या एक काकू उठल्या. १९७४ पासूनच्या आजीव सभासद. तेव्हाची पावती त्या अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवतात.

“मला एक मत, मग तुमच्या मंडळाला किती?” त्यांनी विचारलं.

उत्सव मंडळाचा तरुण अध्यक्ष म्हणाला, “काकू, माझ्यामागे शंभर घरं आहेत.”

“असतील. पण त्या शंभर घरांना विचारून आलायस का?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सभा संपल्यावर सेव-उसळीच्या गाडीवरही हाच वाद चालू राहिला. मी मंडळाची वेबसाइट सांभाळते, बडोद्यातल्या चार दुकानदारांच्याही सांभाळते, आणि त्या निमित्तानं इंटरनेटचा कारभार कसा चालतो हे बरीच वर्षं वाचत आले आहे. काकूंनी विचारलेला प्रश्न त्या कारभारात पंचवीस वर्षांहून जास्त काळ धुमसतो आहे. सभासद कोण, माणूस की संस्था? आणि संस्था असेल, तर तिच्या मागच्या माणसांचं काय?

इंटरनेटला मालक नाही, पण कारभारी आहेत. ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’, ‘.भारत’ अशी जी शेवटची नावं असतात, त्यांची जगाची एकच यादी आहे आणि ती आयकॅन नावाची कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था सांभाळते. ती १९९८ साली स्थापन झाली. प्रत्येक यंत्राला जो आयपी पत्ता लागतो, त्याचं वाटप जगातल्या पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात. आपल्या भागाची संस्था एपनिक, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. ईमेल एका यंत्रातून दुसऱ्यात कसं जावं, याचे तांत्रिक नियम आयईटीएफ नावाच्या तंत्रज्ञांच्या गटात ठरतात. आणि या सगळ्यांच्या आसपास १९९२ पासून इंटरनेट सोसायटी ही ना-नफा संस्था आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्या ‘ऱ्य’कडे बघा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. मराठी माणूस दुसऱ्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र चुकूनही गाळणार नाही. हिंदी वाचणाऱ्याला मात्र तो बहुधा ओळखूही येणार नाही. शेवटच्या नावांमध्ये देवनागरीतली कोणती अक्षरं चालतील, याचे नियम करायला आयकॅननं भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या भाषातज्ज्ञांचा आणि संगणकतज्ज्ञांचा एक गट बसवला होता. त्याच्याकडे देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ धरून नऊ लिप्या होत्या. हा र टंकायला अनेकजण एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात, आणि या नावांत ते चिन्ह चालत नाही. मग गटानं वाट काढली: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, पण फक्त ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडांपुरता. कुऱ्हाड, कऱ्हाड, दऱ्या, सगळे वाचले. ‘ॲ’ सुद्धा मराठीसाठी आत आला. अशा खोलीत मराठी जाणणारा कुणी नसेल, तर ही अडचण कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून तिथे कुणी आणि कोणत्या नात्यानं बसायचं, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

आता इतिहास, आणि त्यातलं २००० साल जरा निवांत सांगते, कारण पुढचे सगळे वाद तिथून निघाले आहेत.

आयकॅन स्थापन झाली तेव्हा तिच्या संचालक मंडळातल्या नऊ जागा सामान्य इंटरनेट वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींसाठी आहेत, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्यातल्या पाचच जागांसाठी थेट निवडणूक घेतली गेली, जगाच्या पाच विभागांतून एकेक. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या, ईमेल आणि टपालाचा पत्ता असलेल्या कुणालाही सभासद होता येत होतं. अर्ज संगणकावर भरायचा, मग घरी टपालानं एक गुप्त क्रमांक यायचा आणि तो वापरून सभासदत्व चालू करायचं. एक माणूस दहा नावांनी घुसू नये म्हणून टपालाची ही अट. सुमारे १ लाख ५८ हजार लोकांनी नावं नोंदवली, सुमारे ७६ हजारांनी सभासदत्व चालू केलं, आणि ऑक्टोबर २००० मध्ये ३४,०३५ जणांनी मत दिलं.

हे आकडे विभागवार मांडले की खरी गंमत नव्हे, खरी अडचण दिसते. आशिया आणि पॅसिफिक भागातून १७,७४५ मतं पडली. अख्ख्या आफ्रिकेतून १३०. आमच्या मंडळाच्या सभेला पाऊस नसला तर याहून जास्त माणसं येतात. आशियातून फुजित्सु या जपानी कंपनीतले मासानोबु कातो निवडून आले. देशाभिमानानं नोंदणीच्या मोहिमा झाल्या, कंपन्यांनी आपली माणसं नोंदणीला लावली, अशी टीका तेव्हा झाली. म्हणजे मत देणारी व्यक्ती होती, पण तिच्या पाठीवर हात कंपनीचा किंवा देशाचा होता. दुसरीकडे युरोपातून केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मनीतल्या हॅकरांच्या संघटनेचे आंद्रेआस म्युलर-मागुन आले आणि उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑअरबाख. दोघेही आयकॅनवर उघड टीका करणारे. कुठल्याही संस्थेच्या कोट्यातून हे दोघे आत येऊच शकले नसते.

ऑअरबाख यांनी संचालक म्हणून संस्थेची दप्तरं बघायला मागितली. ती अटींशिवाय मिळेनात म्हणून त्यांनी आपल्याच संस्थेवर खटला भरला आणि २००२ साली ते जिंकले. संचालकाला दप्तर बघण्याचा हक्क आहे, असं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं सांगितलं. मला वैयक्तिक सभासदत्वाच्या बाजूनं एकच दाखला द्यायला सांगितला तर मी हा देईन. सर्वांना सोयीचा नसलेला माणूस आत जाऊ शकला, आणि तो गेल्यामुळे कपाट उघडलं.

पण तोवर वारं फिरलं होतं. स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट यांच्या समितीनं २००१ मध्ये मधला मार्ग सुचवला होता: ज्याच्या नावावर डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नोंदलेलं नाव आहे, त्यालाच मत. आपल्या भाषेत, ज्याच्या नावावर सातबारा तो मतदार. भाडेकरूनं आणि शेतमजुरानं मग कुठे जायचं, हा प्रश्न उरतोच. तीही शिफारस बाजूला पडली आणि २००२ च्या अखेरीस आलेल्या नव्या घटनेत थेट निवडणूकच गेली. तिच्या जागी सामान्य वापरकर्त्यांची सल्लागार समिती आली. या समितीचे पंधरा सदस्य, त्यातले दहा पाच विभागीय संघटनांनी निवडायचे, पाच नामनियुक्ती समितीनं. २००६-०७ मध्ये या विभागीय संघटना उभ्या राहिल्या. त्यांचे सभासद कोण? मुख्यतः संस्था: ग्राहक पंचायतीसारखे गट, संगणक क्लब, इंटरनेट सोसायटीच्या शाखा. तेव्हा एखाद्या बाईला बडोद्यात बसून यात बोलायचं असेल, तर आधी अशा एखाद्या संस्थेत जा, ती संस्था विभागात, विभाग समितीत, आणि समिती संचालक मंडळाला सल्ला देणार. मतासह एक संचालक निवडण्याचा हक्क या समुदायाला मिळायला २०१० उजाडलं. नऊ ठरले होते, पाच मिळाले होते, आता एक.

वैयक्तिक सभासदांची मागणी मात्र संपली नाही. मग निघालेली तोड बघा. उत्तर अमेरिकेच्या विभागीय संघटनेत कोणत्याही संस्थेत नसलेल्या व्यक्ती सभासद होऊ शकतात, पण त्या सगळ्यांचं मिळून मत एक. युरोपच्या विभागात सुट्या व्यक्तींनी मिळून स्वतःची एक संघटना केली आणि ती संघटना बाकी संस्थांसारखी एक संस्था म्हणून धरली गेली. माणसाला मोजायचं असेल तर आधी त्याची संस्था व्हायला हवी, असा याचा अर्थ होतो. मला हे पटत नाही.

तरीही संस्थांची बाजू मी हलकी समजत नाही. आमच्या सभेत तो तरुण अध्यक्ष खोटं बोलत नव्हता. त्याच्या मंडळातल्या कित्येक बायका रात्री आठच्या सभेला येऊच शकत नाहीत. त्यांच्या वतीनं कुणी उभं राहिलं नाही तर त्यांचा आवाज शून्य. संस्थेला पत्ता असतो, घटना असते, हिशेब असतो, आज आहे आणि पुढच्या वर्षीही असेल. इंटरनेटवर माणूस ओळखणं तर फारच अवघड. एका रात्रीत हजार ईमेल पत्ते उघडता येतात. टपालानं क्रमांक पाठवावा तर तो खर्च कोण करणार? शिवाय कायद्याची एक मेख आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ना-नफा संस्थेचा ‘सभासद’ हा वजनदार शब्द आहे. असा सभासद संस्थेच्या वतीनं न्यायालयात जाऊ शकतो. लाखभर अनोळखी माणसांना तो हक्क द्यायला आयकॅन तेव्हाही तयार नव्हती, आणि आपल्याला त्या कायद्याच्या अर्थानं सभासद नाहीत असं तिनं घटनेतच लिहून ठेवलं.

पण संस्था म्हणजे खरी आणि व्यक्ती म्हणजे संशयित, हेही खरं नाही. कागदी संस्था आपण पाहिल्या आहेत. लेटरहेड एक, शिक्का एक, अध्यक्ष-सचिव एकाच घरातले. आणि मुखत्यारपत्रांचा खेळ तर संस्थांच्याच निवडणुकीत रंगतो. आफ्रिकेच्या आयपी पत्त्यांच्या नोंदणी संस्थेची, अफ्रिनिकची, जून २०२५ मधली निवडणूक दुसऱ्याच्या नावानं मत देण्याच्या अधिकारपत्रांवरून वादात सापडली आणि रद्द झाली. तिथे सभासद संस्थाच होत्या.

दोघांनाही घ्यायचं ठरलं, तर पुढचा प्रश्न वजनाचा. आयकॅनमध्येच बिगरव्यापारी वापरकर्त्यांचा जो गट आहे, त्यानं सरळ तराजू लावला आहे: व्यक्तीला एक मत, लहान संस्थेला दोन, मोठ्या संस्थेला चार. एपनिकमध्ये वजन वेगळ्या मापानं ठरतं. सभासदाकडे आयपी पत्ते किती, त्यावर त्याची पायरी, आणि पायरीगणिक मतं दुप्पट होत जातात, १ पासून ६४ पर्यंत. मोठ्या दूरसंचार कंपनीच्या हातात चौसष्ट मतं आणि गल्लीत केबल ओढणाऱ्या छोट्या पुरवठादाराच्या हातात दोन. युरोपची राइप एनसीसी हेच काम करते, पण तिथे सभासद लहान असो की मोठा, मत एक.

बडोद्यात राहणाऱ्याला ‘एक सभासद, एक मत’ हे नवं नाही. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी इथेच अन्योन्य सहकारी मंडळी काढली. भारतातली ती पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकाराचं सारं बळ याच नियमात आहे: शेअर दहा असोत की हजार, हात एकच वर होतो. भांडवलाला मत दिलं की ती कंपनी होते. एपनिकची चौसष्ट मतं वाचली की मला कवठेकर आठवतात, आणि ती वजनांची रचना मला आजही गैर वाटते. मोठा सभासद फी जास्त भरतो, हे तिचं समर्थन असतं. पण पत्ते वाटण्याचा नियम चुकला तर मोठ्याचा नफा कमी होतो, छोट्याचा धंदा बसतो.

दुसरं उदाहरणही इथलंच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख निवडणुकीनं आले होते, आणि त्यानंतर ती निवडणूकच बंद झाली. पुढच्या संमेलनापासून घटक संस्थांनी नावं सुचवायची आणि महामंडळानं एकमतानं अध्यक्ष ठरवायचा, असं झालं. अरुणा ढेरे यांना तो पहिला मान मिळाला आणि बहुतेकांना आनंदच झाला, मलाही. निवडणुकीतल्या गटबाजीला लेखक विटले होते. पण मतदार आधी तरी कोण होते? साहित्य संस्थांनी पाठवलेल्या याद्यांमधले लोक. पुस्तक विकत घेऊन वाचणाऱ्या वाचकाला मत आधीही नव्हतं आणि नंतरही नाही. संस्थांमधून माणसांकडे जायचं सोडून गाडी संस्थांच्याच आतल्या खोलीत गेली. आयकॅनमध्ये २००२ ला नेमकं हेच झालं होतं: निवडणुकीत दोष होते, म्हणून दोष काढायच्या ऐवजी निवडणूक काढली.

मत नसलं की काय होतं, ते २०१९ मध्ये ‘.ऑर्ग’च्या वेळी दिसलं. जगातल्या धर्मादाय संस्था, वाचनालयं, मंडळं हेच नाव घेतात. आमच्या मंडळाच्या वेबसाइटचंही शेवटचं नाव तेच. त्याचा कारभार इंटरनेट सोसायटीच्या हाताखालची एक संस्था बघते. या सोसायटीत सुरुवातीच्या वर्षांत व्यक्तिगत सभासद विश्वस्त निवडत असत. पुढे व्यक्तीचं सभासदत्व फुकट झालं, पण मत गेलं. विश्वस्त आता शाखा, संस्था सभासद आणि आयईटीएफची बाजू यांच्याकडून येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सोसायटीनं जाहीर केलं की ‘.ऑर्ग’ सांभाळणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकायची. हजारो सभासदांना हे बातमीतून कळलं. ते चिडले, पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, पण मतपेटी त्यांच्याकडे नव्हतीच. शेवटी ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅननं परवानगी नाकारली आणि विक्री थांबली. बाहेरच्या कारभाऱ्यानं अडवलं म्हणून वाचलं.

या सगळ्यात वेगळी वाट आयईटीएफची. तिथे सभासदत्व हा प्रकारच नाही. नोंदवही नाही, वर्गणीची पावती नाही. कुणीही चर्चेत लिहावं, प्रत्येकजण स्वतःच्या नावानं बोलतो, कंपनीच्या नावानं नाही. मतदानही घेत नाहीत. सभेत कल बघायचा असेल तर ‘या बाजूचे लोक हुंकार द्या’ असं म्हणतात आणि खोलीभर ‘हं’ असा आवाज घुमतो. हात वर केले तर कोण कुणाकडे बघून हात वर करतो ते दिसतं. हुंकारात ते लपतं, आणि ‘किती’ यापेक्षा ‘हरकत काय आहे’ हे ऐकावं लागतं. पदाधिकारी निवडणारी समिती तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी, पात्र स्वयंसेवकांमधून दहा नावं उचलून ठरते, आणि तिच्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक चालत नाहीत. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. माणूस स्वतःच्या नावानं बोलला तरी त्याचा पगार कुठून येतो, हे त्यांनी मान्य करून टाकलं आहे. मात्र तिथे टिकायला इंग्रजी लागतं, वेळ लागतो आणि परदेशवारीचे पैसे. ते बहुधा कंपनीच देते. दार उघडं आहे, पण दारापर्यंतचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं.

आणि फक्त सरकारांनाच मत असावं, ही आणखी एक बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांशी जोडलेला, १८६५ साली तारायंत्राच्या काळात जन्मलेला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ तसाच चालतो. तिथे कंपन्या बसू शकतात, पण मत देशाचं. त्या खोलीत आमच्या काकू भारत सरकारच्या पाठीमागे कुठेतरी असतात. त्याबद्दल इथे इतकंच.

माझं मत लपवत नाही. व्यक्तीला स्वतःचं, मोजलं जाणारं मत हवं, एकगठ्ठा एक मत नको. खोट्या माणसांची भीती असेल तर थोडी हजेरी मागा: वर्षभरात चार चर्चांना आलेला, दोन मसुद्यांवर लिहिलेला माणूस बनावट नसतो. संस्थांनाही जागा असावी, पण संस्थेनं मत देताना आपल्या घरी कधी आणि कुणाला विचारलं, हे कागदावर दाखवावं. हजेरी माणसाची तपासायची आणि संस्थेच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हा आजचा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो.

यात शिरायचं असेल तर आशिया-पॅसिफिकच्या विभागीय संघटनेत आता व्यक्तीलाही अर्ज करता येतो, पैसे पडत नाहीत. आयकॅनचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी खुले असतात आणि तिथे सभासद नसलेल्यानंही लिहिलं तरी ते नोंदलं जातं. देवनागरी अक्षरांचे ते नियमही असेच लोकांपुढे ठेवले होते.

आमच्या सभेत त्या रात्री अकराला ठराव झाला. संस्थांना घ्यायचं, प्रत्येकीला एकच मत, आणि प्रतिनिधीनं आपल्या संस्थेच्या सभेतल्या ठरावाची प्रत, हजर असलेल्यांच्या सह्यांसकट, आणायची. पुढच्या वर्षी आठांपैकी तीन संस्था प्रत घेऊन आल्या, त्यात त्या तरुण अध्यक्षाची एक. त्याच्या कागदावर एकेचाळीस सह्या होत्या. काकूंनी चष्मा लावून त्या उभ्यानंच सगळ्या वाचल्या, दोन नावांवर बोट ठेवून “या कुठल्या वाड्यातल्या?” असं विचारलं, उत्तर ऐकलं आणि कागद त्याच्या हातात परत दिला.